पाचवी सही

हरेश्वर,

काल तुझ्या तेराव्याचं जेवून खारदांड्याहून पायी निघालो. सांताक्रूझ स्टेशन मागे पडलं, वाकोला आलं, तरी मी चालतोच आहे आणि तुझ्याशी भांडतोच आहे. शेवटी एका पानवाल्याने हटकलं, "साहेब, कुणाशी बोलताय?" तेव्हा भानावर आलो आणि बसस्टॉपवर जाऊन उभा राहिलो. घाटकोपरला घरी पोचल्यावर शांता म्हणाली, "एवढं बोलायचं उरलंय तर लिहून तरी काढा." म्हणून आज लिहायला बसलोय. तू वाचणार नाहीस हे ठाऊक आहे. तशीही तू माझी पत्रं कधी धड वाचली नाहीस. "समोर ये नि बोल," म्हणायचास.

वर्तमानपत्रात तुझ्यावर चार ओळी आल्या. किती तास उडलास, मागे कोण आहे, वगैरे. कंपनीचं नाव तुझ्या नावाआधी. त्यातलं काही चूक नाही, पण त्यात तू कुठे सापडत नाहीस.

तू मला पहिल्यांदा सापडलास तो केशोदच्या धावपट्टीवर, डाकोटा विमानाच्या पंखाखाली, मांडीवर जाळं घेऊन. मी कंपनीत नवा होतो. सकाळी मुंबईहून एक वऱ्हाड सोडलं होतं आणि संध्याकाळी तेच परत न्यायचं होतं. मधले नऊ तास तिथेच काढायचे. झाड नाही, पंखा नाही, पाणी विहिरीचं. मी घड्याळाकडे बघत बसलो होतो आणि तू पिशवीतून तुझ्या भावाचं फाटकं जाळं नि दोऱ्याची सुई काढून शांतपणे गाठी मारत बसलास. मी बघतोय हे पाहून म्हणालास, "चाकं हलली की पैसे, चाकं थांबली की बंद. मालक थांबायचे पैसे देत नाही ना? मग थांबून निदान जाळं तरी होऊ दे."

आपल्या नोकरीचे सगळे नियम तू मला त्या दिवशी पंखाखाली सांगितलेस. कागदावर ते कुठेच नव्हते. महिन्याची बांधील रक्कम अशी की तिच्यात घरभाडं नि दूध जेमतेम निघावं. बाकीची कमाई उड्डाणभत्त्याची, तासावर. विमान दुरुस्तीला गेलं तर भत्ता नाही. गिऱ्हाईक नसेल तर नाही. खांद्यावरचे पट्टे कंपनीचे, सदरा आपला. भावनगरला पंपाने हात दुखेपर्यंत पेट्रोल भरायचं तेही आपण, कारण तिथे कंपनीचा माणूस ठेवला तर त्याला पगार द्यावा लागतो. आंब्याचे करंडे, कोंबडीची पिल्लं, गिरणीवाले, नवरदेव, जे येईल ते न्यायचं. दोन डाकोटा, पाच वैमानिक आणि एक मालक, एवढाच संसार. सरकारी कंपन्यांत जागा नव्हत्या. आपण दोघंही सरकारी शिष्यवृत्तीवर उडायला शिकलेलो, लायसन हातात असून दोन-दोन वर्षं घरी बसलेलो. त्यामुळे मिळाली ती नोकरी आपण झकास मानली.

चाळीत मात्र माझा थाट होता. शेजारच्या कदमांना वाटायचं, पायलट म्हणजे पोत्याने पैसे. ते मुलीच्या लग्नाला कर्ज मागायला आले तेव्हा माझ्या खिशात बसपुरते पैसे होते. तुझ्याकडे वेगळी तऱ्हा. दांड्यात कुणालाच तू काय काम करतोस याचं फारसं कौतुक नव्हतं. तुझ्या आईला तर शेवटपर्यंत हीच काळजी की वारा पडल्यावर तुझं विमान पुढे जातं कसं.

आणि तो नवऱ्या मुलीचा मामा आठवतो? तू सदऱ्याची बटणं उघडी टाकून शिडीपाशी उभा होतास. "ए, ही ट्रंक वर ठेव," म्हणाला तो. तू निमूटपणे ट्रंक वर ठेवलीस, पट्ट्याने बांधलीस, मग डोक्यावर टोपी चढवून पुढे कॉकपिटात जाऊन डावीकडच्या, कॅप्टनच्या सीटवर बसलास. मामाने अख्खा प्रवास डोळे मिटून हात जोडले होते. उतरताना त्याने तुला दोन रुपये बक्षीस दिले आणि तू ते घेतलेस. मी रागावलो. "आपण हमाल आहोत का?" तू म्हणालास, "ट्रंक उचलली ना? मग?"

तुझ्या-माझ्यातला फरक हाच होता. माझे वडील सोलापूरकडून आले आणि आयुष्यभर गोदीत ओझी वाहिली. त्यांचं एकच सांगणं होतं, कुणी दया म्हणून दिलं तर घ्यायचं नाही, हक्काचं असेल तर सोडायचं नाही. आमच्या पिढ्यांनी दुसऱ्यांच्या दारात उभं राहून पुरेसं घेतलं होतं. त्यामुळे कुणी साधा चहा पाजला तरी मी दुसऱ्या दिवशी त्याला पाजायचो. तू हसायचास मला. पण तुला ते नीट कळलं होतं, हे मला आता कळतंय.

वैमानिक वादळाला जेवढा भीत नाही तेवढा डॉक्टरला भितो, हे बाहेरच्यांना सांगितलं तर पटणार नाही. सहा महिन्यांनी एकदा तपासणी. तिथल्या डॉक्टरने कागदावर ‘अनफिट’ लिहिलं की लायसन थांबलं आणि आपल्या कंपनीत त्याच दिवशी पगारही थांबला, बांधील रकमेसकट. सरकारी कंपनीवाल्यांना आजारपणाची रजा होती, विमा होता. आपल्याला काय होतं? तपासणीच्या आधी आठ दिवस मीठ सोडायचं, दुधी खायचा आणि रात्री लवकर झोपायचं. एरवी कुठे दुखलं-खुपलं तर त्याचं नाव काढायचं नाही. खाजगी डॉक्टरकडे गेलं तरी तो ‘तपासणीवाल्यांना कळवा’ म्हणेल ही धास्ती. आपण पाचही जण ठणठणीत होतो, कारण आजारी पडणं परवडणारं नव्हतं.

आणि मग मला कावीळ झाली. त्याच केशोदच्या विहिरीने केली असणार. डोळे इतके पिवळे की दुधी खाऊन लपणार नव्हते. ‘अनफिट’, चार महिने. मी घरी पडलो, शांता तेव्हा सहा महिन्यांची गरोदर, आणि पहिल्या महिन्याच्या अखेरीस मी मनात हिशेब करत होतो की तिचं मंगळसूत्र विकायचं की माझं घड्याळ.

त्या संध्याकाळी तू आलास. हातात बर्फात गुंडाळलेली बोंबलाची पुडी, ती मला चालणार नाही हे माहीत असून. आणि खिशातून एक पाकीट काढलंस.

"मालकाने पाठवलंय."

"कशाचे?"

"आजारपणाचे. सगळ्यांना सांगू नको म्हणालाय. नाहीतर उद्या सगळेच आजारी पडतील."

"सही कुठे करायची?"

"सही-बिही नको. ठेव."

हरेश्वर, चहाच्या कपाला सही घेणारा आपला मालक, त्याने बिनसहीचं पाकीट पाठवलं, आणि मी ते खरं मानलं! इतका शिकलेला माणूस मी. पण मला खरं मानायचं होतं. मला वाटलं, माझ्या कामाची कुणीतरी किंमत केली. ही दया नाही, कदर आहे. चारही महिने पाकीट आलं आणि चारही वेळा तूच घेऊन आलास. बाळ झालं. घड्याळ हातावरच राहिलं. बरा होऊन कामावर गेलो तेव्हा मी मालकाच्या केबिनमध्ये जाऊन म्हणालो, "साहेब, तुमचे उपकार विसरणार नाही." तो गोंधळून "ठीक आहे, ठीक आहे," म्हणाला. मला वाटलं, किती मोठ्या मनाचा माणूस, श्रेयसुद्धा घेत नाही.

पुढच्या वर्षी तू अर्ज लिहिलास. मागण्या तीनच. थांबण्याच्या तासांना अर्धा भत्ता. बांधील रक्कम थोडी वाढवावी. आणि तिसरी, जी तुझी खरी होती: तपासणीत अनफिट ठरलेल्या वैमानिकाला सहा महिने बांधील पगार. चौघांनी सह्या केल्या. तू कागद माझ्यापुढे ठेवलास आणि मी म्हणालो, "मी नाही करणार."

त्या दिवशीचं आपलं भांडण मला शब्दन् शब्द आठवतंय. हँगरच्या मागे, बादल्यांच्या ढिगापाशी.

"का रे?"

"ज्या माणसाने न मागता मला चार महिने घरबसल्या दिलं, त्याच्याविरुद्ध सही करू? माझ्याच्याने नाही व्हायचं."

तू कितीतरी वेळ काहीच बोलला नाहीस. मला वाटलं, निरुत्तर झालास.

मग म्हणालास, "तुझे बाबा काय म्हणायचे? हक्काचं सोडायचं नाही. मग हा हक्कच मागतोय ना आपण? त्याने तुला दिलं ते त्याच्या मर्जीने. उद्या मर्जी नसली तर?"

"माणुसकी असलेल्या माणसाकडे कागद कशाला लागतो?"

"आमच्या होडीवर," तू म्हणालास, "मासळी आली की होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, मग माणसांचे. तापाने घरी पडलाय त्याचाही वाटा निघतो. नाखवा चांगला आहे म्हणून नाही. तो होडीचा माणूस आहे म्हणून."

"विमान म्हणजे होडी नव्हे, हरेश्वर."

"माणसं तीच असतात यार," म्हणालास आणि कागदाची घडी करून खिशात घातलीस. त्यानंतर तो कागद मी पाहिला नाही. तू दिला असशील, मालकाने फेटाळला असेल, असं मी धरून चाललो. विचारलं मात्र नाही. विचारायला तोंड नव्हतं असं आता वाटतं, तेव्हा वाटलं होतं की विषय संपला.

तू माझ्याशी बोलणं सोडलं नाहीस. पुढची दोन वर्षं आपण शेजारी बसून उडलो, तू डावीकडे, मी उजवीकडे. आपण तसेच भांडलो, तसेच हसलो. फक्त गेल्या वर्षभरात तू जाळं आणणं बंद केलं होतंस. बेळगावला एकदा थांबलो असताना तू पंखाखाली आडवा पडून डावा खांदा चोळत होतास. मग सोड्याच्या दोन गोळ्या तोंडात टाकल्यास.

मी म्हटलं, "दाखव कुणाला तरी."

"गॅस आहे रे."

"गॅस खांद्यात असतो होय?"

"दाखवलं की लिहितील. लिहिलं की घरी. दोन पोरी आहेत मला. घरी बसून काय खाऊ, वाळू?"

मी गप्प बसलो. तेव्हा मला म्हणता आलं असतं, ‘अरे, मालक देईल की, मला दिलं होतं.’ तेसुद्धा मी म्हटलं नाही. इंधन महाग झालं होतं, गिऱ्हाईक आटलं होतं, मालकाचा चेहरा बदलला होता. म्हणजे मर्जी फिरू शकते हे मला मनातून कळलेलं होतं. तरी मी गप्प बसलो. ही माझी चूक, आणि ती मी इथे सरळ लिहून ठेवतो.

त्यानंतर तीन महिन्यांनी, सकाळी ड्यूटीला निघताना बूट घालता घालता तू गेलास. त्या दिवशी तुझ्या जागी दुसऱ्याला बसवून विमान नागपूरला गेलंच. उजवीकडे मीच होतो. परत आल्यावर मला सांगण्यात आलं.

पाचव्या दिवशी मी मालकाकडे गेलो. धीटपणे गेलो, कारण मला त्याची माणुसकी ठाऊक होती ना! म्हटलं, "साहेब, हरेश्वरच्या मागे दोन मुली आहेत. माझ्या आजारात तुम्ही चार महिने जसं पाकीट पाठवत होतात, तसं काही महिने वहिनींना पाठवा."

त्याने चष्मा काढला. "कसलं पाकीट?"

"कावीळ झाली होती तेव्हा."

"कांबळे, मी खोटं कशाला बोलू? घरी बसलेल्या पायलटला मी आजवर कधी एक रुपया दिलेला नाही. दिला असता तर माझ्या लक्षात राहिला असता."

तो खरं बोलत होता. मला त्याचा राग आला नाही, हेही लिहून ठेवतो. त्याने मला कधी फसवलंच नव्हतं.

बाहेर आलो आणि आपल्यातल्या सगळ्यात जुन्या माणसाला, दस्तूरला, कोपऱ्यात गाठलं. तो बुटांकडे बघत म्हणाला, "हरेश्वरने शपथ घातली होती सगळ्यांना." दर महिन्याला प्रत्येकाने एका फेरीचा भत्ता काढायचा आणि तू दोन फेऱ्यांचा. चार महिने. मी ज्यांच्या शेजारी बसून ‘मालक देवमाणूस आहे’ म्हणत होतो, त्या चौघांनी माझं घर चालवलं होतं आणि चौघेही माझं बोलणं ऐकून घेत होते.

काल जेवणं झाल्यावर मी कमळावहिनींना विचारलं. पंगत उठली होती, त्या ओट्यावर टेकल्या होत्या. म्हटलं, "वहिनी, मी सही नाकारली तेव्हा तरी त्याने मला का सांगितलं नाही?"

त्या म्हणाल्या, "भावजी, आमच्यात वाटा आजाऱ्याच्या दारात ठेवतात, पण तो बोलून नाही दाखवत. बोलून दाखवला तर तो माणूस बरा झाल्यावर होडीत मान वर करून कसा बसेल? हे म्हणायचे, गौतमला तर मुळीच कळता कामा नये. त्याला लागेल."

मग त्या आत गेल्या आणि पत्र्याच्या पेटीतून तो कागद घेऊन आल्या. घडीवर फाटत आलेला. चार सह्या, पहिली तुझी. तू तो दिलाच नव्हतास.

"का?" मी विचारलं. "चार सह्या काय थोड्या होत्या?"

"म्हणायचे, चौघांचा दिला तर पाचवा मालकाचा माणूस ठरेल. मग त्याच्या शेजारी कॉकपिटात कोण मनापासून बसणार? गौतम हट्टी आहे, पण करेल सही. थांबू या."

मी कागद हातात धरून बसलो. त्या आपणहून बोलल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

"छातीत दुखायचं त्यांच्या. मी रोज मागे लागायची, दाखवा, दाखवा. म्हणायचे, तो अर्ज एकदा जाऊ दे, तिसरी मागणी मंजूर होऊ दे, दुसऱ्या दिवशी दाखवतो."

हरेश्वर, आज दुपारी मी सही केली आणि कागद मालकाच्या टेबलावर ठेवला. वर एक ओळ नवी घातली आहे, की तिसरी मागणी मागच्या तारखेपासून धरावी आणि पहिला हक्क तुझ्या घराचा. मालक तुझ्या सहीवर बोट ठेवून म्हणाला, "हा तर गेला." मी म्हटलं, "मग आम्ही चौघे मोजा. दोन विमानांना चौघे लागतात." सोमवारी सांगतो म्हणाला. सोमवारपर्यंत चाकं हलणार नाहीत, हे दस्तूरने त्याला सांगितलं. काय होईल माहीत नाही. कदाचित चौघेही घरी बसू. शांताला सांगून ठेवलंय.

तू माझं घर सांभाळलंस, माझी मान सांभाळलीस, माझं नाव सांभाळलंस. तुझ्याइतकं मला कुणी जपलं नाही. पण मला तुझे आभार मानायचे नाहीत. मला भांडायचंच आहे, आणि या भांडणात मी बरोबर आहे. तू सांगायला हवं होतंस. हँगरच्या मागे, बादल्यांच्या ढिगापाशी, तू जो वेळ गप्प राहिलास, त्यात एक वाक्य मावलं असतं: ‘ते पैसे आमचे होते.’ मला लागलं असतं. मी तुला वाटेल ते बोललो असतो, चार दिवस तुझ्याकडे बघितलं नसतं. अरे, माझी मान एवढी काही मोलाची नव्हती. पाचव्या दिवशी मी सही केली असती. सहाव्या दिवशी तुला दंडाला धरून डॉक्टरकडे नेलं असतं. त्याने ‘अनफिट’ लिहिलं असतं आणि आज तू दांड्याला ओट्यावर आडवा पडून, घरबसल्या पगार घेत, मला शिव्या घालत असतास.